रायमनच्या बाकांसमोर: जॉनी कॅशचा टीव्ही कार्यक्रम कसा उभा राहिला आणि का बंद पडला

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशविल शहरात रायमन नावाचं सभागृह आहे. तिथे आजही लोक चर्चमध्ये असतात तशा लांब लाकडी बाकांवर बसून गाणं ऐकतात. थॉमस रायमन या बोटमालकाने पुढाकार घेऊन ही इमारत धर्मप्रवचनांसाठी बांधवून घेतली आणि १८९२ मध्ये ती पुरी झाली. १९४३ पासून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम इथून होऊ लागला. तेव्हापासून कंट्री गायकाला या मंचावर उभं राहायला मिळणं म्हणजे त्याची वर्णी लागणं.

१९६५ मध्ये याच मंचावर जॉनी कॅश हा कंट्री गायक गोळ्यांच्या नशेत उभा होता. मायक्रोफोन स्टँडवरून निघेना, तेव्हा संतापाच्या भरात त्याने तो स्टँड मंचाच्या कडेला ओळीने लावलेल्या दिव्यांवरून फरफटत नेला. दिवे फटाफट फुटले. पुन्हा येऊ नकोस, असं ऑप्रीच्या व्यवस्थापकाने त्याला सांगितलं.

त्यानंतर चार वर्षांनी, ७ जून १९६९ च्या शनिवारी, त्याच मंचावरून तोच माणूस कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, ‘हॅलो, आय ॲम जॉनी कॅश.’ या वेळी तो यजमान होता. एबीसी या देशव्यापी नेटवर्कने, म्हणजे देशभरच्या स्थानिक वाहिन्यांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीने, त्याला आठवड्याला एक तास दिला होता. त्या एका तासाच्या आत काय काय घडत होतं, कुणाची कुणाशी ओढाताण चालली होती, आणि पावणेदोन वर्षांत तो तास त्याच्याकडून का गेला, हे उलगडून सांगण्याजोगं आहे. गायकाला टीव्हीचा कार्यक्रम मिळणं हे बाहेरून साधं बक्षीस वाटतं. आतून तो एक करार असतो, आणि त्या करारात दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावं लागतं.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांमधून, डोंगराळ भागांतून आणि कापसाच्या शेतांमधून वर आलेलं गाणं. युरोपातून आलेल्या लोकांची कथागीतं, काळ्या मजुरांचा ब्लूज, चर्चमधली भजनं, असं सगळं त्यात मिसळलेलं आहे. त्याच्या व्यापाराने जोर धरला तो साधारण १९२७ च्या उन्हाळ्यात. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात एका रेकॉर्ड कंपनीने तात्पुरतं ध्वनिमुद्रण केंद्र मांडलं आणि आसपासच्या गाणाऱ्यांना बोलावलं. त्यात कार्टर फॅमिली होती आणि जिमी रॉजर्सही होता. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

व्हरायटी शो ही गंमत मुळात नाटकगृहातली. एकाच तिकिटात गाणं, नाच, विनोदी प्रवेश, जादूचे प्रयोग. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम ठरलेला असतो आणि आतला मजकूर मात्र रोज नवा भरता येतो, तसंच काहीसं हे. नाटकगृहातून ते रेडिओवर गेलं आणि रेडिओवरून टीव्हीवर. एकामागून एक येणाऱ्या या सुट्या तुकड्यांना बांधून ठेवणारा दोरा म्हणजे यजमान. प्रेक्षक त्याच्या ओढीने टीव्ही लावतात आणि त्याच्या भरवशावर अनोळखी पाहुण्याचंही ऐकून घेतात. यजमानाची खरी ताकद या भरवशात असते, आणि कॅशची गोष्ट बहुतेक त्याचीच गोष्ट आहे.

कंट्री गायक यजमान होणं हे १९६९ मध्ये नवं नव्हतं. टेनेसी अर्नी फोर्डचा कार्यक्रम १९५६ पासून एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कवर होता. एबीसीवर १९६३ ते १९६६ जिमी डीन होता. पोर्टर वॅगनरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम नॅशविलमध्ये तयार होऊन थेट स्थानिक वाहिन्यांना विकला जाई, आणि १९६७ मध्ये डॉली पार्टन तिथेच आली. १९६९ च्या जानेवारीत सीबीएस या तिसऱ्या नेटवर्कवर ग्लेन कॅम्पबेलचा तास सुरू झाला. जूनमध्ये, कॅशच्या नंतर साधारण आठवड्याभराने, बक ओवेन्स आणि रॉय क्लार्क यांचा ‘ही हॉ’ आला, गवताच्या गंज्या आणि गावरान विनोद घेऊन.

म्हणजे त्या वर्षी नेटवर्कना कंट्री गायक हवेच होते. कॅशचा भाव तर विशेष चढलेला. फॉल्सम तुरुंगातल्या कैद्यांसमोर गायलेला त्याचा अल्बम १९६८ मध्ये गाजला होता, आणि सॅन क्वेंटिन तुरुंगातला अल्बम टीव्ही कार्यक्रमासोबतच, जून १९६९ मध्ये, बाजारात आला. तरीही एबीसीने सुरुवातीला त्याला उन्हाळ्यापुरतंच बोलावलं. तिकडे उन्हाळ्यात लोक बाहेर असतात, टीव्ही कमी बघतात. म्हणून नेहमीचे मोठे कार्यक्रम सुट्टीवर जातात आणि त्यांच्या जागी नवं काहीतरी कमी जोखमीत अजमावून बघतात. शनिवारच्या ‘हॉलिवूड पॅलेस’ या कार्यक्रमाची जागा कॅशला अशीच मिळाली. चाललं तर ठेवू, नाहीतर सप्टेंबरात निरोप. तो चालला, आणि जानेवारी १९७० पासून बुधवारी रात्रीची पक्की वेळ त्याला मिळाली. सगळे मिळून ५८ भाग झाले.

कॅशचा एक हट्ट होता: कार्यक्रम नॅशविलमध्ये, रायमनमध्येच व्हायला हवा. नेटवर्कच्या हिशेबाने ही गैरसोयच होती. टीव्हीची यंत्रणा, नर्तक, लेखक, सगळं कॅलिफोर्नियात. ग्लेन कॅम्पबेलचा कार्यक्रम हॉलिवूडमध्येच होई. रायमनमध्ये वातानुकूलन नव्हतं, आणि टेनेसीचा जून-जुलै म्हणजे घामाच्या धारा, त्यात टीव्हीच्या दिव्यांची धग. पण त्या हट्टातून तीन गोष्टी साधल्या. वादक नॅशविलचे मिळाले, ज्यांची बोटं या संगीतातच वाढली होती. प्रेक्षक मिळाले ते स्टुडिओत टाळ्यांसाठी बसवलेले नव्हते, त्या बाकांवर वर्षानुवर्षं बसत आलेले होते. आणि लाकूड मिळालं. त्या इमारतीच्या लाकडाने आवाजाला जी ऊब येते, ती जुन्या चित्रफितींतही ऐकू येते. मला ती दरवेळी प्रसंगातल्या माणसांच्याही आधी जाणवते.

सोबतचा कायमचा ताफा घरचाच म्हणावा असा होता. पत्नी जून कार्टर कॅश, तिच्या बहिणी हेलन आणि अनिता, आई मेबेल कार्टर, ‘ब्लू स्वेड शूज’ लिहिणारा कार्ल पर्किन्स, स्टॅटलर ब्रदर्स हे चौघे गायक, आणि कॅशचे स्वतःचे साथीदार टेनेसी थ्री. यातल्या मेबेल कार्टर म्हणजे १९२७ साली ब्रिस्टलला गेलेल्या त्याच कार्टर फॅमिलीतल्या. अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारांवर ठेका धरायचा, ही त्यांची पद्धत पुढच्या कित्येक गिटारवादकांनी उचलली. ब्रिस्टलच्या त्या दिवसांच्या साक्षीदार दर आठवड्याला मंचाच्या एका बाजूला शांतपणे वाजवत उभ्या असत. नव्या पिढीचे केस वाढवलेले गायक पाहुणे म्हणून आले की त्यांचा मान त्या कोपऱ्यापासून सुरू होई.

आता पाहुण्यांकडे येऊ, कारण इथेच कराराची खरी ओढाताण होती. देशभर एकाच वेळी दिसणाऱ्या कार्यक्रमाला देशभरचे प्रेक्षक लागतात. केवळ कंट्री ऐकणारे पुरत नाहीत. म्हणून नेटवर्कला ओळखीचे चेहरे हवे असत: बॉब होपसारखे विनोदवीर, लॉर्न ग्रीनसारखे टीव्हीवरचे नट, कर्क डग्लससारखे चित्रपटतारे. कॅशने त्यांना घेतलं. बदल्यात त्याला उरलेल्या जागा हव्या होत्या, आणि त्या त्याने ज्या प्रकारे भरल्या त्यामुळेच हा कार्यक्रम आज आठवला जातो.

पहिल्याच भागात त्याने बॉब डिलनला आणलं. डिलन १९६६ च्या मोटरसायकल अपघातानंतर लोकांसमोर फारच क्वचित येत होता. दोघांची मैत्री जुनी. फेब्रुवारीत नॅशविलमध्येच दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रण केलं होतं. त्या रात्री दोघे शेजारी बसून ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ गायले. डिलन अवघडलेला दिसतो, कॅश स्थिर. त्याच भागात कॅनडाची गायिका जोनी मिचेल होती आणि लुईझियानाचा केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या समाजातला, फिडलवादक डग कर्शॉ. एका शनिवारी रात्री, दिवसभर शेतावर राबून टीव्ही लावणाऱ्या घरांत ही तीन माणसं कॅशच्या ओळखीने शिरली. त्या काळी अमेरिकेत लांब केस आणि आखूड केस यांच्यात व्हिएतनाम युद्धावरून भिंत उभी होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या ओळखीचं वजन कळतं.

लोकगीतं गाणाऱ्या पीट सीगरची गोष्ट आणखी अवघड होती. १९५५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने त्याला त्याच्या डाव्या संबंधांबद्दल प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरं द्यायला नकार दिला. त्यानंतर वर्षानुवर्षं नेटवर्क टीव्हीची दारं त्याला बंद होती. १९६७ मध्ये सीबीएसवरच्या एका व्हरायटी शोने त्याला बोलावलं, तर त्याचं युद्धविरोधी गाणं नेटवर्कने कापलं. कॅशने त्याला १९७० मध्ये रायमनच्या मंचावर उभं केलं. कॅश काही डाव्या चळवळीचा माणूस नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्येही गायला. म्हणूनच त्याचा शब्द चालला. दोन्ही बाजूंच्या ओसरीवर ज्याला पाणी मिळतं, तोच माणूस असं काही करू शकतो.

मर्ल हॅगार्डचा प्रसंग तर यजमान म्हणजे काय हे समजून घ्यायला पुरेसा आहे. हॅगार्ड तरुणपणी सॅन क्वेंटिन तुरुंगात कैदी होता, आणि त्या अल्बमच्या कितीतरी आधी कॅश तिथे गायला आला तेव्हा समोर बसलेल्यांत तोही होता. पुढे तो स्वतः मोठा गायक झाला, पण ही गोष्ट लोकांना कळली तर सगळं संपेल अशी त्याला धास्ती होती. कार्यक्रमात आला तेव्हा कॅशने त्याला समजावलं की ते आपण इथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकू. हॅगार्डला ते नको होतं. अखेर कॅशने राष्ट्रीय टीव्हीवर ते सांगितलं, आणि लोकांनी हॅगार्डवर आधीपेक्षा जास्त प्रेम केलं. दुसऱ्याची लाज स्वतःच्या नावावर घेणं याला गळा लागत नाही, पत लागते. ती पत कॅशने तुरुंगांमध्ये गाऊन कमावली होती.

आणि लुई आर्मस्ट्राँग. ऑक्टोबर १९७० चा तो भाग मी कितीदा पाहिला आहे, मोजलं नाही. जिमी रॉजर्स, कंट्रीचा पहिला तारा, याने १९३० मध्ये ‘ब्लू योडल नंबर ९’ मुद्रित केलं. त्यात ट्रम्पेट वाजवणारा होता तरुण आर्मस्ट्राँग. गोरा कंट्री गायक आणि काळा जॅझ वादक एकत्र, तेही १९३० मध्ये! तबकडीवर आर्मस्ट्राँगचं नाव छापलेलं नव्हतं. चाळीस वर्षांनी कॅशने आर्मस्ट्राँगला शेजारी बसवलं, प्रेक्षकांना ती तबकडीची हकीकत सांगितली, आणि मग दोघांनी तेच गाणं केलं. कॅश रॉजर्सच्या जागी, आर्मस्ट्राँग स्वतःच्याच जागी. आर्मस्ट्राँगची तब्येत तेव्हा नाजूक होती, पण ट्रम्पेट उचलला की सूर तेच. पुढच्या जुलैत तो गेला. कंट्री हे गोऱ्यांचं आणि जॅझ-ब्लूज हे काळ्यांचं, ही वाटणी रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानातल्या कप्प्यांसाठी केलेली होती. वादकांनी ती कधीच पाळली नव्हती, हे त्या पाच-सहा मिनिटांत कुणी भाषण न करता दिसलं. रे चार्ल्स आणि स्टीव्ही वंडर हेही त्याच मंचावर येऊन गेले.

कार्यक्रमात ‘राइड धिस ट्रेन’ नावाचा एक ठरलेला भाग असे. कॅश गाडीच्या प्रवासाची कल्पना धरून बोलत जाई, मधे चित्रफिती, मधे गाणी, आणि एकेका आठवड्याला एकेका प्रकारच्या माणसांची हकीकत: खाणकामगार, गुराखी, कैदी, कापूस वेचणारे. हा मजकूर त्याला परका नव्हता. तो आर्कान्सासमधल्या डायस या सरकारी शेतवसाहतीत वाढला, लहानपणी कापूस वेचला. व्हरायटी शोच्या चकचकीत सजावटीत ही पंधरा-एक मिनिटं वेगळीच वाटतात. मला वाटतं, हा सगळा खटाटोप त्याने त्या भागासाठीच पत्करला असावा.

नेटवर्कची हरकत कुठे येई, तर शब्दांवर. प्रत्येक नेटवर्कचा स्वतःचा तपासणी विभाग असतो. जाहिरातदार किंवा स्थानिक वाहिन्या बिथरू नयेत म्हणून तो प्रसारणाआधी मजकूर चाळतो. क्रिस क्रिस्टोफरसन हा तेव्हा जवळपास अनोळखी गीतकार होता. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, सैन्यात हेलिकॉप्टर चालवलेला, आणि गाण्यांच्या नादात नॅशविलच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत झाडलोट करून राहिलेला. त्याचं ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ कॅशने निवडलं. रविवारच्या सकाळी एकट्या माणसाला जाणवणारं रितेपण असं ते गाणं. त्यात ‘नशेत असतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाची ओळ आहे. नशेऐवजी ‘घरी’ म्हणा, असं नेटवर्कने सुचवलं. इंग्रजीत दोन्ही शब्द एकाच मापाचे आणि कानाला जवळचे, त्यामुळे बदल सहज खपला असता. मंचावर उभं राहून कॅशने मूळ शब्दच गायला. स्वतः गोळ्यांच्या विळख्यातून सुटू पाहणारा माणूस तो शब्द म्हणतो तेव्हा त्यात नशेची भलामण नसते, हे ऐकणाऱ्याला कळतं. गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १९७० चं सर्वोत्तम गीत म्हणून कंट्री म्युझिक असोसिएशनचा पुरस्कार त्याला मिळाला. त्या एका शब्दापायी क्रिस्टोफरसनचं आयुष्य फिरलं.

दुसरी हरकत उलट दिशेने आली. कॅश दर भागाच्या शेवटी भजन गात असे, त्याला कुणाची ना नव्हती. पण १९७० च्या अखेरीस तो कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल उघड बोलला, आणि ते वरच्यांना रुचलं नाही. गाणं ही करमणूक, कबुली मात्र भूमिका, असा त्यांचा हिशेब. कॅशला त्या दोन्हींत फरक करता येत नव्हता. फेब्रुवारी १९७१ मध्ये नॅशविलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसोबत त्याने एक भाग केला. नील यंग, जेम्स टेलर, लिंडा रॉनस्टॅट हे पाहुणे होते. मुलांशी झालेल्या बोलण्यातून सुचलेलं ‘मॅन इन ब्लॅक’ हे नवं गाणं त्याने तिथे म्हटलं. मी काळे कपडे का घालतो, तर गरिबांसाठी, कैद्यांसाठी, आणि दर आठवड्याला मरणाऱ्या तरुणांसाठी. युद्ध चालू होतं.

त्यानंतर जेमतेम दीड महिन्यात, ३१ मार्च १९७१ ला, शेवटचा भाग दिसला.

तो का बंद झाला याचं उत्तर कॅशच्या मतांमध्ये शोधायचा मोह होतो. कारणं जास्त रुक्ष आहेत, आणि तीन एकदम आली. पहिलं कारण कायद्याचं. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने नियम केला की १९७१ च्या शरदापासून मोठ्या शहरांतल्या वाहिन्यांवर नेटवर्कला रात्रीच्या मुख्य वेळेत तीनच तास कार्यक्रम देता येतील. उरलेली वेळ स्थानिक वाहिन्यांनी भरायची. उद्देश स्थानिक निर्मितीला वाव द्यायचा होता. परिणाम असा की प्रत्येक नेटवर्कला कित्येक तास एका फटक्यात कमी करावे लागले. दुसरं कारण, २ जानेवारी १९७१ पासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि मोठं उत्पन्न आटलं. तिसरं कारण प्रेक्षकांच्या मोजणीत होतं. तोवर किती घरांत कार्यक्रम लागला एवढंच बघत. आता जाहिरातदार विचारू लागले की बघणारे कोण आहेत: तरुण, शहरात राहणारे, खर्च करणारे? गावाकडचे आणि वयस्क प्रेक्षक कितीही निष्ठावान असले तरी त्यांचा दर कमी. त्या वसंतात सीबीएसने आपले जवळजवळ सगळे ग्रामीण वळणाचे कार्यक्रम काढून टाकले, लोकप्रिय असलेलेसुद्धा. एबीसीने कॅश काढला, आणि वाद्यवृंद चालवणाऱ्या लॉरेन्स वेल्कचा जुना संगीत कार्यक्रमही काढला.

व्हरायटी शो तर अशा वेळी आधीच अडचणीत असतो. दर आठवड्याला नवे पाहुणे, नवी वाद्यरचना, नवी सजावट, म्हणजे खर्च मोठा. आणि पुन्हा दाखवून पैसा वसूल करावा तर प्रत्येक गाण्याचे हक्क वेगळ्या मालकाकडे.

इथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या नियमाने नेटवर्कचे तास कापले, त्याच नियमाने स्थानिक वाहिन्यांकडे संध्याकाळची रिकामी वेळ आली, आणि ती भरायला त्यांना तयार माल हवा होता. सीबीएसने काढलेला ‘ही हॉ’ थेट या वाहिन्यांना विकला जाऊ लागला आणि तिथे तो आणखी वीस वर्षं चालला. वेल्कचंही तसंच झालं. म्हणजे प्रेक्षक होतेच, नेटवर्कला ते नको झाले होते. कॅशचा कार्यक्रमही असा जगला असता का? मला शंका आहे. ‘ही हॉ’ कमी पैशांत, थोड्या दिवसांत ढीगभर मुद्रित करता येई. कॅशच्या कार्यक्रमाला दर आठवड्याला कुणाला तरी समजावून, कुणाशी तरी भांडून मंचावर आणावं लागे.

कॅशलाही तोवर थकवा आला होता. पाहुण्यांच्या यादीवरून चालणारी रस्सीखेच त्याला नकोशी झाली होती. मार्च १९७० मध्ये त्याला मुलगा झाला होता, आणि तो पुन्हा गावोगावच्या मैफलींना लागला. १९७४ मध्ये ऑप्रीने रायमन सोडलं आणि नव्या इमारतीत जाताना जुन्या मंचाच्या लाकडाचा एक गोल कापून नेऊन नव्या मंचात बसवला. जुनी इमारत पुढे बरीच वर्षं ओस पडली होती, १९९४ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा गाऊ लागली. कॅश २००३ च्या सप्टेंबरात गेला, जून त्याच्या चार महिने आधी.

२००७ मध्ये त्या ५८ भागांतल्या निवडक गाण्यांची डीव्हीडी निघाली. मधेमधे पडद्यावर येऊन त्या गाण्यांची ओळख करून देणारा म्हातारा, पांढऱ्या दाढीचा माणूस म्हणजे क्रिस क्रिस्टोफरसन.